चपलांची साक्ष

सर हजेरी घेण्याआधी चपला बघत.

वर्गाबाहेरच्या ओट्यावर आम्ही पायताणं काढून आत जायचो. ज्यांना पायताण नव्हतं, आणि ते निम्म्याहून जास्त होते, ते पत्र्याच्या टबात पाय बुचकळून आत यायचे. घंटा झाली की सर यायचे, पण आत नाही. ओट्यावर उकिडवे बसायचे, खिशातून गोणी शिवायचं दाभण काढायचे आणि एकेक चप्पल उलटी करून तिच्या तळाचा चिखल खरवडून बघायचे. हेडमास्तर समोरच्या खोलीतून हा प्रकार बघत आणि कपाळाला हात लावत. दहा मिनिटांनी सर आत आले की त्यांना आम्हा सगळ्यांची सकाळ पाठ असायची.

"तू बांधावरून आलास. तू डांबरी सडकेनं. आणि तू रे, खुराड्यामागं काय करत होतास?"

"मी? मी तं सरळ साळंत आलो, सर."

"टाचेला कोंबडीची शीट आहे. तिच्यावर ओल्या गवताची काडी. गोठ्यामागच्या खुराड्याजवळ बसला होतास. विडी ओढायला?"

"नाय सर! अंडं हाय का बघत व्हतो."

"होतं?"

"व्हतं," असं म्हणून त्यानं खिशातून खरंच अंडं काढून दाखवलं. वर्ग हसला. सरांनी ते अंडं हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. विडी नव्हती याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पण कोंबडी बरोबर निघाली, त्यात ते खूश होते.

आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाताना लागतं. डोंगराकडून येणाऱ्या वाटेला तांबडा मुरूम, भाताच्या खाचरांत काळी चिकट माती, ओढ्याला वाळू, गावाच्या खालच्या अंगाला वीटभट्टी. शाळेच्या आवारात चिखल होऊ नये म्हणून कर्जतच्या यार्डातली इंजिनाची राख गाड्या भरभरून आणून पसरली होती. एवढी राख आसपासच्या पाच गावांत दुसरीकडे कुठे नव्हती. सरांना हे सगळं तोंडपाठ होतं. प्रयोगशाळेत, म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि एक सूक्ष्मदर्शक असलेल्या खोलीत, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये त्यांनी तालुक्यातली माती भरून ठेवली होती. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. शेतकरी यायचे आणि आपल्या शेताची बाटली शोधायचे. नसली तर रुसायचे.

स्वतःचे कॅनव्हासचे बूट सर जूनपासून दिवाळीपर्यंत धूत नसत. "ती माझी डायरी आहे," म्हणायचे. ज्यांच्या घरात ते खोली घेऊन राहायचे त्या काकू म्हणायच्या, "मास्तर, तुमच्या डायरीचा वास माझ्या देवघरापर्यंत येतो." मग बूट गोठ्यात गेले. तिथे म्हशीनं एकावर पाय दिला. सर म्हशीवर चिडले नाहीत. नोंद वाढली म्हणाले.

या सगळ्याचं मूळ एका जर्मन पुस्तकात होतं.

भिवपुरीच्या वीजकेंद्रावर पूर्वी कधीतरी आलेला कोणी परदेशी इंजिनियर जाताना बरंच सामान टाकून गेला. त्यातलं एक जाडजूड, पुठ्ठा निखळलेलं पुस्तक फिरत फिरत कर्जत स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडे आलं आणि तिथून सरांकडे. सरांना जर्मन येत नव्हतं. त्यांनी शब्दकोश मिळवला आणि एकेक शब्द लावत आठवड्याला दोन पानं या गतीनं ते वाचायला लागले. पुस्तक होतं गुन्ह्यांच्या तपासात शास्त्र कसं वापरायचं याचं. आणि त्यात होता तो खून.

तो खून मी सरांच्या तोंडून किती वेळा ऐकला सांगता येणार नाही. उष्णतेचं वहन शिकवताना ऐकला, बेडूक शिकवताना ऐकला, आणि एकदा भूगोलाचे गुरुजी रजेवर असताना मान्सूनच्या जागी ऐकला. जर्मनीतल्या एका खेड्यात एक बाई रानात मारलेली सापडली. संशय एका शेतकऱ्यावर. तो म्हणाला, मी त्या बाजूला फिरकलोच नाही, मी दिवसभर माझ्या शेतावर होतो. मग एका रसायनशास्त्रज्ञानं त्याचे बूट मागवले. बुटाच्या टाचेपुढच्या खाचेत चिखल साचला होता, थरावर थर. शास्त्रज्ञानं तो कांद्यासारखा सोलला.

"सगळ्यात आत काय?" सर विचारायचे.

"बदकांची घाण!" आम्ही ओरडायचो. त्याच्या दारात बदकं होती.

"मग?"

"गवत! मग तांबड्या दगडाची माती!" ती खुनाच्या जागेची.

"त्याच्यावर?"

"कोळसा, विटेचा भुगा, सिमेंट!" ती एका पडक्या किल्ल्याची. तिथे त्याची बंदूक सापडली.

"आणि त्याच्या स्वतःच्या शेतातली माती?"

इथे आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं, अशी पद्धत होती. मग सर हळू आवाजात म्हणायचे, "नव्हती. एक कणही नव्हता." आणि थोडं थांबून, "चिखलात काय आहे ते कोणालाही दिसतं. काय नाही ते बघायला शिका."

त्यांचं वाचन संथ असल्यामुळे ही गोष्ट वर्षावर्षाला वाढत गेली. आमच्या दोन वर्षं आधीच्या तुकडीला खुनी सापडलाच नव्हता, कारण सर तिथवर पोचले नव्हते. ती मुलं मॅट्रिक होऊन गेली तरी रस्त्यात गाठून विचारायची, "सर, मिळाला का तो?" आमच्या वर्षी त्या शेतकऱ्याची बायको आली. तिनं आदल्या संध्याकाळी नवऱ्याचे बूट स्वच्छ करून ठेवले होते. म्हणजे बुटावरचा सगळा चिखल त्या एकाच दिवसाचा. हे पान लागलं त्या दिवशी सर वर्गात आले तेव्हा त्यांचा सदरा उलटा होता. "बायकोनं पुसले! म्हणून सापडला!" एवढंच म्हणत राहिले.

गावात तर ती गोष्ट पार इकडची होऊन गेली होती. आमच्या शेजारची म्हातारी छातीठोकपणे सांगायची की ती बाई कुंभिवलीची आणि मारणारा तिचा दीर. कोणाच्या आवारातला फणस चोरीला गेला की लोक सरांना बोलवायचे. एकदा सरांनी चिखलावरून चोर बरोबर ओळखला. चोर म्हणाला, "मास्तर, झाड माझंच हाय. फांदी त्याच्या दारात ग्येली म्हून फणस त्याचा झाला का?" सरांनी दाभण खिशात ठेवलं. माती माणूस कुठे गेला ते सांगते, का गेला ते सांगत नाही. हे वाक्य माझं आहे, सरांचं नव्हे. सरांना ते तेव्हा सुचलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आता सूक्ष्मदर्शकाबद्दल सांगते.

शाळेत तो एकच होता. पितळी नळीचा, निळ्या फडक्याखाली झाकलेला. वर्षातून तीन-चारदा सर तो खिडकीपाशी मांडायचे आणि हजेरीच्या क्रमानं एकेकाला बघायला बोलवायचे. हजेरीत आधी मुलगे, मग मुली. मुलगे एकतीस, मुली पाच. एकतिसावा मुलगा डोळा लावून उभा असतानाच घंटा व्हायची. दोन वर्षांत आम्हा पाच जणींपैकी एकीनंही त्या नळीतून काही बघितलं नव्हतं. सरांच्या मनात पाप नव्हतं. मुली कुठे आहेत, हे बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

भाद्रपद संपत आला होता. एका रविवारी दुपारी मी मैत्रिणीकडे वही आणायला जाते असं सांगून शाळेकडे निघाले. प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीची कडी सैल होती, मला माहीत होतं. बरोबर शाईची रिकामी बाटली होती, तिच्यात खाचरातलं पाणी. वाटेत चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वीटभट्टीपाशी मुक्ताबाईचं खोपट होतं. मुक्ताबाई म्हणजे आमच्या शाळेची झाडलोट करणारी, पाणी भरणारी. नवरा वारला होता, एक मुलगी नांदायला गेली होती. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"कुटं गं निगालीस अनवानी? काचा हायेत भट्टीवर. माज्या घाल आनि जा."

मी घातल्या. मोटारीच्या टायरचा तळ असलेल्या जाड चपला. आमच्याकडे यात काही विशेष नाही. दारातली चप्पल, जो बाहेर निघेल त्याची. माझ्या घरात आठ माणसं आणि तीन जोड होते.

खिडकीतून आत गेले. सूक्ष्मदर्शक उजेडात घेतला. थेंब काचेवर ठेवला. बघितलं. पुरेसं बघितलं. मग आणखी स्पष्ट दिसावं म्हणून डोळा नळीला लावून मी चाक फिरवत राहिले आणि नळी खाली खाली गेली. कट्कन आवाज झाला. खालची काच फुटली होती आणि तिच्याबरोबर भिंगही.

मी घाबरले. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही, पण पुढे जे केलं त्याची वाटते. तसाच टेबलावर ठेवला असता तर कोणी तरी मोडला एवढंच झालं असतं. मी तो फडक्यात गुंडाळून बाहेर काढला आणि येताना जुन्या बंद भट्टीत विटांच्या तुकड्यांखाली ठेवला. मुक्ताबाईच्या दारात तिच्या चपला काढल्या. ती आत चुलीपाशी होती. माझी आई नेहमी सांगायची, दुसऱ्याची वस्तू धुऊन परत करावी. तेवढं त्या दिवशी ऐकलं असतं तर ही हकीकत इथेच संपली असती.

सोमवारी सकाळी चोरी उघडकीला आली. खिडकीच्या चौकटीवर चिखलाची एक ढेप होती आणि तिच्यावर टायरच्या नक्षीचा ठसा. सर ती ढेप तळहातावर घेऊन ओट्यावर आले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात चालत आलं, असा त्यांचा चेहरा होता. मुक्ताबाई तेव्हाच कळशी घेऊन फाटकातून आत शिरत होती. तिच्या पायात टायरच्या चपला होत्या.

सरांनी त्या काढायला लावल्या आणि दाभण घेऊन बसले. आम्ही भोवती.

"मुक्ताबाई, या शेवटच्या कधी धुतल्या?"

"शनवारी संध्याकाळी. हिरीवर."

सरांनी डोळे मिटून घेतले. बूट पुसणारी ती जर्मन बाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली असणार. "काल शाळेत आली होतीस?"

"ऐतवारी? साळंत कशाला येऊ? घरीच व्हती."

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ का, मास्तर?"

सरांनी दाभणाच्या टोकानं खाचेतला चिखल सोलला आणि पाटीवर मांडला. "राख शाळेशिवाय कुठे आहे? कुठेही नाही. शनिवारी चपला धुतल्या. त्यानंतर ही बाई फक्त आज सकाळी शाळेत आली, तीही आत्ता. म्हणजे राखेचा थर किती हवा? एक. हा बघा, वरचा. त्याखाली काळी माती. त्याखाली वीट. त्याखाली पुन्हा काळी माती. आणि त्याच्याखाली बघा." तिथे करड्या राखेची दुसरी रेघ होती. "काल ही इथे येऊन गेली आहे."

तर्कात कुठे फट नव्हती. मी मागे उभी राहून ती दुसरी रेघ बघत होते. ती माझी होती.

मुक्ताबाईनं पाटीकडे बघितलं. मग मान वळवून, गर्दीतून बरोबर माझ्याकडे बघितलं. एवढंसंच. मग म्हणाली, "मी घरी व्हती. आता तुमची माती काय म्हनती ते तुमी जाना."

हेडमास्तरांनी तिला कामावरून थांबवलं. गुरुवारपर्यंत वस्तू परत आली नाही तर फौजदाराला कळवायचं ठरलं. भट्टीवरची एकटी बाई आणि खालापूरची पोलीस चौकी, याचा अर्थ आम्हा मुलींनाही कळत होता.

माझ्या बाजूला काय होतं तेही सांगते. वडिलांनी बजावून ठेवलं होतं की शाळेतून पहिली तक्रार येईल त्या दिवशी शाळा बंद. नेरळकडचं एक स्थळ दोनदा निरोप पाठवून बसलं होतं. मॅट्रिकला सहा महिने होते. मी सोमवार, मंगळवार काढले. बुधवारी शाळेत जाताना वाट बदलली, मुक्ताबाईच्या दारावरून जावं लागू नये म्हणून. शाळेत पोचल्यावर ओट्यावर सरांनी माझी चप्पल बघितली आणि म्हणाले, "आज सडकेनं? तुला तर हा वळसा पडतो." तेव्हा मला कळलं की हे असं जमणार नाही.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. ते स्टोव्हवर पिठलं ढवळत होते. मी दारातच उभ्यानं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "थांब. कुठल्या वाटेनं आलीस? पहिल्यापासून सांग."

"घरातून बांधावर. बांधावर चप्पल तुटली. मग भट्टी."

"तिथे तिच्या घातल्यास. वीट. मग?"

"खाचरातून शाळेत."

"काळी माती. राख. आणि परत?"

"त्याच वाटेनं."

"बरोबर!" ते डावासकट उभे राहिले. "बरोबर! एकही थर चुकला नाही! एकही..." पिठल्याचे शिंतोडे भिंतीवर उडाले. पाच सेकंद तो माणूस इतका आनंदात होता की मीही माझं संकट विसरले. मग ते हळूच स्टुलावर बसले. स्टोव्ह फरफरत होता. पिठलं लागल्याचा वास आला तरी त्यांनी ते उतरवलं नाही.

"चप्पल दुसऱ्याच्या पायात असेल," ते म्हणाले, "हे मी विचारलंच नाही. त्या पुस्तकात एका माणसाचे एकच बूट आहेत."

मी म्हणाले, उद्या हेडमास्तरांना सांगते.

"तुझे वडील काय करतील?"

मी सांगितलं.

त्यांनी लागलेलं पिठलं डावानं खरवडलं. मग भलतंच बोलले. "नळी खाली घेताना डोळा बाजूला ठेवायचा. काच आणि भिंग यांच्यामधली फट बाजूनं बघत खाली आणायची. मग वरून डोळा लावायचा आणि नळी फक्त वर घ्यायची. खाली कधीच नाही. कळलं?"

"हो."

"हे मुलग्यांना मी दर वेळी सांगतो. तुमची पाळी आलीच नाही." स्टोव्ह बंद करून ते म्हणाले, "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस. भट्टीत कुठे ठेवलायस तेवढं सांग आणि घरी जा."

गुरुवारी शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, हेडमास्तर, सगळे शिक्षक आणि आम्ही वरच्या वर्गातली मुलं आवारात उभे असताना सरांनी ते निळं गाठोडं टेबलावर ठेवलं. म्हणाले, सूक्ष्मदर्शक माझ्या हातून मोडला, घाबरून मी लपवला. मुक्ताबाईचा संबंध नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "आनि ती दोन रेघांची राख?"

मी सरांकडे बघत होते. ते म्हणाले, "ते माझं अनुमान चुकलं. चिखलावरून असं काही सांगता येत नाही."

"अरं तिच्या! म्हंजी इतकी वर्षं आमाला उल्लू बनवलंत? जर्मनीची माती हिकडं चालत न्हाय म्हना की मास्तर!"

सगळे हसले. शिक्षक हसले, मुलं हसली. माझ्या शेजारची मैत्रीण हसली, आणि मी हसत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून मीही दात दाखवले.

तिथून सर मुक्ताबाईच्या खोपटाकडे गेले. मी लांबून मागे गेले आणि भट्टीच्या आडोशाला उभी राहिले. त्यांनी दारात बूट काढले आणि हात जोडले. ती बाहेर आली. म्हणाली, "मास्तर, तुमी मला इचारलंत कुटं? तुमी चपलेला इचारलंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं. पोर मॅट्रिकला हाय." मग म्हणाली, "पर इचारायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरच्या चपला कोणी उलट्या केल्या नाहीत. सर घंटेला आत येत, हजेरी घेत, पुस्तक उघडून धडा वाचत. बाटल्या कपाटातून गेल्या. कोणी खोडसाळपणे "सर, बदकांची घाण!" म्हणालं तर ते खाली बघून पान उलटत. त्यांच्या अंगावर फेकलेले ते शब्द मला आजही ऐकू येतात. मला मॅट्रिकच्या निकालापेक्षाही त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती: त्यांनी एकदा, फक्त एकदा, तो खून पुन्हा सांगावा. त्यांनी सांगितला नाही. मार्चमध्ये आम्ही परीक्षेला बसलो, जूनमध्ये त्यांची बदली झाली. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली, आणि अध्यक्षांनी तोच विनोद पुन्हा केला.

मी पास झाले. पुढे प्रयोगशाळेचं प्रशिक्षण घेतलं आणि खालापूरच्या बाजूला आरोग्य केंद्रात लागले. मलेरियाचे रक्तनमुने तपासते. रोज सकाळी नऊपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा. नळी खाली घेताना बाजूनं बघते. माझ्या हातून आजवर एक भिंग फुटलेलं नाही. नवीन मुली येतात त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि त्या विचारतात, मॅडम, तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हणते, शाळेत. बदलीनंतरची सरांची शाळा नेरळच्या पलीकडे होती. एसटीनं दीड तास. एवढ्या वर्षांत मी दीड तास काढला नाही. काढता येत नव्हता असं नाही. त्यांच्यापुढे उभं राहून काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. मुक्ताबाईकडेही गेले नाही. माहेरी गेले तरी सडकेनंच जायची.

यंदा शाळेचा रौप्यमहोत्सव झाला. निमंत्रणाच्या मागच्या बाजूला दिवंगत शिक्षकांची नावं छापली होती. त्यात तिसरं नाव सरांचं होतं. सर गेले, हे मला असं कळलं.

समारंभाला गेले. मांडव, हार, भाषणं. जुने अध्यक्ष आता काठी टेकत आले होते. त्यांनी माइक हातात घेऊन जुन्या आठवणी काढल्या आणि चिखलवाल्या मास्तरांचा तो विनोद सांगितला. ज्यांनी सरांना कधी बघितलंही नव्हतं ती मुलंसुद्धा हसली. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि म्हणाले, सूक्ष्मदर्शक मी मोडला होता, चपला माझ्या पायात होत्या, आणि सरांचं अनुमान शंभर टक्के बरोबर होतं. राखेचे थर दोनच होते. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "बरं झालं सांगितलंस बाय, आता जेवनाला वेळ व्हतोय." आणि पुढचा सत्कार सुरू झाला. वीस वर्षांपूर्वीचा चिखल, कोणाला काय त्याचं.

मी जेवले नाही. खाचराच्या वाटेनं भट्टीकडे गेले. भट्ट्या आता चार झाल्यात, टेंपो भरून वीट नेरळच्या इमारतींना जाते. मुक्ताबाईचं खोपट होतं तिथेच आहे, वर पत्रा आला आहे. ती दारात बसली होती. डोळ्यांनी अधू झाली आहे. मी नाव सांगितलं. तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

"सगळ्यांसमोर सांगितलं मी," मी म्हणाले. "आज. शाळेत."

"सगळ्यांस्नी?"

"हो."

"आनि मास्तरला?"

मी दारातल्या तिच्या चपलांकडे बघितलं.

"तो येयाचा," ती म्हणाली. "दर सालाला, दिवाळीच्या आदी. पयल्यांदा तुजा निकाल लागला तवा आला. पोरगी पास झाली का, इचारायला. मग येतच ऱ्हायला. बसायचा, चा प्यायचा. पोरगी काय करती इचारायचा. मी म्हनायची, मास्तर, मला काय ठाव, ती हिकडं फिरकतच नाय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोन सांगनार? तू आलीस तर सांगनार ना गं."

भट्टीवर टेंपो मागे घेत होते, ते होईपर्यंत ती थांबली.

"शेवटल्या बारीला पाय सुजलं व्हतं त्याचं. म्हनला, मुक्ताबाई, सगळं इचारलं त्या पोरीला, कुटनं आलीस, कंच्या वाटंनं ग्येलीस. पर तिनं यंत्रातून काय बगितलं ते इचारायचं ऱ्हाऊनच ग्येलं. भेटली तर इचारून ठेव म्हनला." ती माझ्याकडे वळली. "काय बगितलंस गं?"

मी तिला सांगितलं. खाचरातल्या पाण्याच्या एका थेंबात काचेसारखा आरपार जीव होता. त्याला बाजूनं बारीक केस होते आणि ते सगळे एकदम हलत होते. तो उजेडाच्या कडेपर्यंत जायचा, आपटल्यासारखा थांबायचा आणि परत फिरायचा. त्याच्या पोटात खाल्लेलं हिरवं दिसत होतं.

"जित्ता व्हता?" मुक्ताबाईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "चांगला जिवंत होता."